शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये

२९ ऑगस्ट २०१७ रोजी, मुसळधार पावसाने मुंबईत पाणी तुंबले त्या दिवशी, कल्याणकडे जाणाऱ्या धिम्या लोकलवर मी गार्ड होतो. शीव सोडले आणि कुर्ल्याच्या अलीकडे लाल सिग्नलला गाडी उभी राहिली. हा पट्टा सखल आहे आणि मिठी नदी जवळच आहे. रूळ बुडाले की सिग्नल यंत्रणा निकामी होते, डब्याखालच्या मोटारींत पाणी शिरण्याची भीती असते, त्यामुळे पुढे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

गाडी चालत होती तोवर या पाण्याची कोणालाही धास्ती नव्हती. दारातले तरुण मोबाइलवर त्याचे चित्रण करत होते. गाडी थांबल्यावर मात्र तेच पाणी सर्वांना भिववू लागले. मी ध्वनिक्षेपकावरून "कृपया गाडीतून उतरू नका" असे तीन वेळा सांगितले, आणि ज्यांच्या मनात उतरण्याचा विचारही नव्हता तेही दाराशी आले. मग एकाने चपला पिशवीत घातल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खाली उडी टाकली. त्याच्यामागून पाहता पाहता अर्धा डबा रिकामा झाला.

शेजारच्या डब्याच्या दारातून पन्नाशीच्या एक बाई म्हणाल्या, "साहेब, २६ जुलैला मी रात्रभर अशीच गाडीत बसले होते. घरी दोन लहान लेकरं होती. परत नाही बसायचं मला." २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. डबा सोडू नये, हा धडा मी त्याच दिवसापासून घेतला होता. त्यांनी नेमका उलटा घेतला होता, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा मला काही अधिकार नव्हता.

त्यानंतर मी विनंती करणे सोडून दिले आणि दिसत होते ते सांगू लागलो : रुळांच्या कडेचा नाला पाण्याखाली गेला आहे, पाणी अजून डब्याच्या पायरीखाली आहे, ते वाढले तर मीच कळवीन. बरेच जण पुन्हा बाकांवर बसले. त्या बाई बसल्या नाहीत. नाला कोणत्या बाजूला आहे, एवढे त्यांनी विचारून घेतले आणि मिटलेल्या छत्रीने पुढची खडी चाचपत दोन रुळांच्या मधून त्या चालू लागल्या. (त्याच दिवशी परळ-प्रभादेवी भागात एक नामवंत डॉक्टर मोटार सोडून पायी निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले, हे नंतर समजले.)

रात्री उशिरा गाडी सरपटत कुर्ल्याला लागली. उतरताना एका प्रवाशाने केबिनपाशी थांबून मला एकच गोष्ट विचारली : "उद्याची सकाळची गाडी वेळेवर आहे ना?"