आमची वाटचाल : हरभट रोडवरचं लॅमिनेशन मशीनचं दुकान

सांगलीत आज कुणाचं लॅमिनेशन मशीन बंद पडलं, की ते पिशवीत घालून माणूस आमच्याकडे येतो. मग ते घेतलेलं कुठूनही असो. हे नाव आम्ही दुरुस्तीच्या टेबलावर कमावलंय.

सुरुवात झेरॉक्सच्या टपरीवजा दुकानातून झाली. रेशनकार्डं, दाखले, ओळखपत्रं लॅमिनेट करून द्यायचो. ते दिवस लोडशेडिंगचे. पाऊच, म्हणजे कागद घालायचं प्लास्टिकचं कव्हर, निम्मं आत गेलेलं असताना लाइट गेली, की रोलर जागच्या जागी थांबायचे, पण तापलेलेच असायचे. आतला दाखला तिथंच शिजायचा. रिव्हर्सचं बटण विजेवर चालतं, त्याचा तेव्हा काय उपयोग? रिलीज लिव्हर असेल तर मात्र ती ओढली की रोलरची पकड सुटते आणि पाऊच हातानं अलगद मागं घेता येतं. त्या अनुभवानंतर लिव्हर नसलेलं मशीन आम्ही एकाही शाळेला दिलेलं नाही. आजही देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

2015 साली मुलांचं शिकणं सुधारण्यासाठी सरकारचं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला गुरुजी गाड्या करून जायचे आणि परतल्यावर शब्दपट्ट्या, अंककार्डं, चित्रकार्डं करायला बसायचे. पोरांच्या हातात रोज फिरणारं कार्ड लॅमिनेशनशिवाय किती टिकणार? मागणी एकदम वाढली. त्याच सुमारास शिराळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका दुकानात आल्या. बाकी सगळे पहिला प्रश्न किमतीचा विचारायचे. बाईंनी विचारलं, “दादा, हे सलग किती वेळ चालेल?” मग पिशवीतून स्वतः केलेली कार्डं काढली, मशीन तापायला लावलं आणि एकामागून एक घालत राहिल्या. शेवटचं कार्ड पहिल्याइतकंच काचेसारखं स्वच्छ आलं, तेव्हा कुठं त्यांनी दर विचारला. चार रोलरचं, 330 मिलिमीटर रुंदीचं ए-थ्री मशीन त्यांनी घेतलं. ते अजून चालू आहे.

तेवढ्यात आमच्याच पेठेत दुसरं दुकान उघडलं. त्यांचा माल दोन रोलरचा, ए-फोर, किंमत आमच्या निम्मी. शाळांना तीन कोटेशन लागतात. ती तिन्ही कुठून यायची हे बाजाराला ठाऊक होतं. खोक्यावर ‘125 मायक्रॉन’, म्हणजे तेवढ्या जाडीचं पाऊच चालेल, असं छापलेलं असायचं, आणि पहिली पाच-दहा पाऊचं निघायचीही छान. पुढं रोलरची उष्णता उतरते, कार्ड पांढुरकं, ढगाळ येतं. गुरुजी तापमान वाढवतात. मग पाऊचला बुडबुडे, गोंद रोलरवर, आणि शेवटी थर्मल फ्यूज उडतो. चार रोलरमध्ये बहुधा एक जोडी तापवून चिकटवते आणि पुढची दाबून सरळ बाहेर काढते, म्हणून कार्ड वाकत नाही. फरक पैशाचा आहे तो इथं.

ती बिघडलेली मशीनं आमच्याकडेच आली. आम्ही उघडली, साफ केली, फ्यूज बदलून दिले. त्याबद्दल आमच्याविषयी काय बोललं गेलं? की आम्ही मुद्दाम नावं ठेवतो, दुरुस्तीत लुटतो. एका मोठ्या संस्थेची ठरलेली ऑर्डर त्या बोलण्यावर गेली. आजवर कुणी येऊन “तुमचं खरं होतं” म्हणालेलं नाही. लागलं ते लागलंच.

त्यावर ऑगस्ट 2019 आला. 2005 च्या पुराची खूण भिंतीवर होती, त्याच्या वर फळ्या मारून माल ठेवलेला. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि फळ्याही बुडाल्या. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं तर मशीनच्या तोंडातून गाळ गळत होता. सिलिकॉनचे रोलर धुऊन निघतात, पण सर्किट आणि गिअर मोटर गाळ खाल्ल्यावर उठत नाहीत. विम्याची फाइल फिरत राहिली, मुंबईच्या व्यापाऱ्यानं उधारी बंद केली. दुकान विकायचं, हे घरात ठरलं होतं. तेव्हा शिराळ्याच्या त्या मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, शाळांकडून गोळा केलेली ऑर्डर आणि सगळी रक्कम आगाऊ. “मशीन आल्यावर द्या, घाई नाही,” म्हणाल्या. त्या पैशातून नवा माल भरला.

2020 मध्ये शाळा बंद, म्हणजे आम्ही बंद. दुरुस्तीवर तग धरला. नंतरची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. ऑफिसात ओळखपत्रं आणि तुरळक कागद असतील तर ए-फोर पुरे. शाळेला तक्ते करायचे असतात, तिथं ए-थ्रीच घ्या. पाऊचची चिकटलेली कड आधी आत घाला, कागदाभोवती चारही बाजूंनी तीन-चार मिलिमीटर जागा सोडा. काम संपल्यावर लगेच प्लग काढू नका. स्विच कोल्डवर टाकून रोलर थंड होईपर्यंत फिरू द्या. रोलरवरचा गोंद ब्लेडनं खरवडू नका, एकदा चीर पडली की प्रत्येक कार्डावर रेघ उमटते. एटीएमची पावती गरम मशीनमध्ये घालू नका, काळी पडते. आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र कृपा करून लॅमिनेट करू नका. परदेशी जाताना साक्षांकनाला लॅमिनेट केलेला कागद चालत नाही. आम्ही असं काम परत पाठवतो, झेरॉक्स काढून ती लॅमिनेट करून देतो.

मशीन घ्यायला येताना तुमची स्वतःची कार्डं आणि 125 मायक्रॉनच्या पाऊचचं पाकीट घेऊन या. दुकानातच सलग चालवून बघा. आम्ही चहा सांगतो, घाई करत नाही.