आजोबांच्या प्रोबेटची फाईल शोधायची कुठं?

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राला कोर्टानं दिलेली मान्यता. मृत्युपत्राची, वारसाची किंवा अज्ञान मुलाच्या पालकाची जुनी कोर्ट फाईल शोधायची असली, तर मी आता आधी कोर्टात जात नाही. आधी तलाठ्याकडे किंवा सिटी सर्व्हे ऑफिसात जातो. कोर्टातलं रेकॉर्ड नंबरवर चालतं. नंबर नसताना अभिलेख कक्षाच्या दारात उभं राहिलं, तर समोरचा कारकून कितीही भला असला तरी त्याला काही करता येत नाही. आणि तो नंबर बहुतेक वेळा कोर्टाबाहेरच सापडतो.

गावात जमीन असेल तर गाव नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवही, काढायची. सातबारावर नावासमोर वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफाराचा. त्या फेरफारात असं काहीसं लिहिलेलं सापडतं: ‘मे. दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांचेकडील कि. दि. अर्ज नं. 212/1968 मधील दि. 14/3/1969 चे हुकुमान्वये मयताचे नाव कमी करून वारसांची नावे दाखल केली.’ ‘कि. दि.’ म्हणजे किरकोळ दिवाणी. या एका ओळीत कोर्ट, प्रकरणाचा प्रकार, नंबर, वर्ष आणि निकालाची तारीख, सगळं आलं. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत, तिथं आधी पाहावं. शहरातल्या मिळकतीसाठी मालमत्ता पत्रक बघायचं. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरात हस्तांतराच्या अर्जाला जोडलेली झेरॉक्स असते, शेअर असतील तर कंपनीच्या रजिस्ट्रारशी झालेल्या पत्रव्यवहारात. मी एकदा नंबर काढला तो बँकेच्या एका जुन्या पत्राच्या ‘संदर्भ’ या ओळीतून.

फेरफारात कोर्टाचा उल्लेखच नसेल आणि फक्त ‘वारस तपास करून’ असं असेल, तर समजायचं की त्या जमिनीसाठी बहुधा कोणी कोर्टात गेलंच नव्हतं. तलाठ्याची वारस नोंद (गाव नमुना 6-क), तहसीलदाराकडचा दाखला आणि कोर्टाचा वारस दाखला या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मात्र तिन्हींना ‘वारस दाखला’च म्हणतात, आणि लोक नसलेली फाईल महिनोन् महिने शोधत राहतात.

दुसरा प्रश्न, हुकूम कोणत्या प्रकारचा होता? मृत्युपत्रात एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा माणूस, नेमलेला असेल तर प्रोबेट. मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नाही, किंवा तो वारला, तर मालमत्तेचा कारभार पाहण्याचं कोर्टाचं अधिकारपत्र, म्हणजे मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. मृत्युपत्रच नसेल तर साधं लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. बँकेतल्या ठेवी, शेअर, येणं रक्कम एवढ्यापुरतं असेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं सक्सेशन सर्टिफिकेट. ते जमिनीसाठी मिळत नाही. जमीन-घरासाठी 1827 च्या मुंबई विनियम 8 खालचा वारस दाखला. घरात फक्त शेतजमीन होती आणि कोणी ‘सक्सेशन काढलं होतं’ असं सांगत असेल, तर बहुधा तो वारस दाखलाच असतो, आणि त्याचं रजिस्टर वेगळं असतं.

मुंबई शहरातलं प्रकरण असेल तर उच्च न्यायालयाचा टेस्टामेंटरी (मृत्युपत्र-वारशाची प्रकरणं पाहणारा) विभाग. सिटी सिव्हिल कोर्टात शोधू नका. 1948 च्या कायद्यानंच मृत्युपत्राची आणि वारशाची अधिकारिता त्या कोर्टाबाहेर ठेवली. हिंदू मृत्युपत्र मुंबई शहराच्या हद्दीत झालं असेल किंवा मिळकत तिथली असेल, तर 1 सप्टेंबर 1870 पासूनच्या मृत्युपत्रांना प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नसे. त्यामुळे गिरगाव-दादरच्या जुन्या घरांची प्रोबेट सापडण्याची शक्यता चांगली असते. पुण्या-साताऱ्याच्या माणसाचं प्रोबेटही मुंबईला निघालेलं असू शकतं, कारण उच्च न्यायालयाला जिल्हा न्यायाधीशाच्या बरोबरीनं अधिकार आहे. मुंबईत एखादी खोली किंवा मोठे शेअर असले की वकील सरळ तिथंच अर्ज करत.

उच्च न्यायालयात सगळ्यात जास्त लोक अडकतात ते एका जागी. अर्ज दाखल होतो तो ‘टेस्टामेंटरी पिटिशन’ म्हणून. कोणी नातेवाइकानं कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, अशी हरकत) घालून त्याला पुष्टी देणारं प्रतिज्ञापत्र दाखल केलं, की त्याच पिटिशनचा ‘टेस्टामेंटरी सूट’ होतो आणि त्याला नवा नंबर, बहुतेकदा पुढच्या वर्षाचा, मिळतो. मग सगळे कागद त्या सूटच्या नंबरखाली जातात. घरी जपलेल्या कागदावर पिटिशनचा नंबर असतो, त्या नंबरवर काही सापडत नाही आणि ‘फाईल गहाळ’ असा निष्कर्ष निघतो. फाईल असते, फक्त नाव बदलून बसलेली. घरात त्या काळी भाऊबंदकी झाली होती का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावं. उत्तर ‘हो’ असेल तर सूटच्या रजिस्टरपासून सुरुवात करायची.

जिल्ह्याच्या ठिकाणी प्रोबेट जिल्हा न्यायालयात पाहायचं. सक्सेशन आणि वारस दाखल्याचं काम मात्र दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे सोपवलेलं असतं, म्हणून तीही रजिस्टरं बघायची. जिल्हे फुटले तेही ध्यानात ठेवा. पालघर 2014 मध्ये ठाण्यातून निघाला, सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून. त्याआधीचं प्रकरण मूळ जिल्ह्याच्या कोर्टात दाखल झालेलं असणार. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, तिथले जुने कागद उर्दूत निघतात. पश्चिम महाराष्ट्रात मोडीतली जोडपत्रं निघतात, त्यासाठी मोडी वाचणारा गाठावा लागतो आणि त्याला मूळ कागदाची स्वच्छ प्रत द्यावी लागते. मोबाईलवरचा तिरका फोटो चालत नाही.

ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातली प्रकरणं दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, शोधताना दोन चुका मी स्वतः केल्या आहेत. पहिली, मयताचं नाव टाकून शोधलं. मयत हा पक्षकार नसतो! पक्षकार म्हणून अर्जदाराचं, म्हणजे मुलाचं, विधवेचं किंवा एक्झिक्युटरचं नाव असतं. समोरच्या बाजूला ‘कोणी नाही’ किंवा नुसती रेघ. म्हणून त्या वेळी अर्ज कोणी केला असेल याचा अंदाज घेऊन त्या प्रत्येकाचं नाव टाकून पाहायचं. दुसरी, ‘प्रलंबित’वरच शोधत राहिलो. जुनं प्रकरण ‘निकाली’ या पर्यायात असतं. नावाची इंग्रजी स्पेलिंगं वेगवेगळी असतात, म्हणून पूर्ण नाव न टाकता सुरुवातीची तीन-चार अक्षरंच टाकावीत. प्रकरणाचा प्रकार निवडताना फक्त ‘प्रोबेट’ किंवा ‘सक्सेशन’ बघून थांबू नये, ‘दिवाणी किरकोळ अर्ज’ हाही बघावा. एकाच तऱ्हेचं काम वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळ्या शीर्षकाखाली चढवलेलं असतं. संगणकीकरणाच्या आधीच्या प्रकरणांसाठी मात्र हस्तलिखित रजिस्टरांना पर्याय नाही.

रजिस्टरं वर्षवार असतात आणि ते वर्ष अर्ज दाखल झाल्याचं. मृत्यूचं नव्हे, हुकमाचंही नव्हे. मृत्यूच्या वर्षापासून पुढं सरकत जायचं. दहा-बारा वर्षांनी केलेले अर्जही सापडतात, कारण जागा विकायला काढेपर्यंत कोणाला गरजच पडलेली नसते. नावांची सूची असली तर ती कधी आडनावावर, कधी पहिल्या नावावर असते. ‘बाळकृष्ण’ हे ‘ब’मध्येही बघा आणि आडनावाच्या अक्षरातही. विधवेचं नाव तर तीन तऱ्हांनी येतं: सासरचं, माहेरचं, किंवा नुसतं ‘अमक्याची विधवा’.

नंबर हाती आला की नक्कल विभाग. अर्जावर कोर्ट, प्रकरण क्रमांक, दोन्ही पक्षकार, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी ते लिहायचं, वर कोर्ट फी स्टॅम्प. ‘सगळ्या फाईलची नक्कल द्या’ असं लिहू नका. आधी पाहणीचा अर्ज करून फाईल बघा आणि निशाणी क्रमांक टिपून घ्या. निशाणी 1 हा मूळ अर्ज. पुढं मृत्युपत्र, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र, जाहीर नोटीस, हरकती, असे कागद आपापल्या निशाणीखाली. सगळ्यात उपयोगी असतो तो रोजनामा. कोणत्या तारखेला काय झालं, कोण हजर होतं, कोणता कागद परत नेला, हे त्याच्या छोट्या छोट्या ओळींत असतं. ‘मूळ कागद अर्जदारास परत, प्रत ठेवून घेतली’ अशी ओळ दिसली, तर मूळ दस्त घरातच कुठंतरी आहे हे कळतं.

तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नसाल तर तुमचा संबंध काय, नक्कल कशासाठी हवी, हे प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं. वंशावळ आणि मृत्यूचे दाखले सोबत ठेवले की काम पुढं सरकतं. एका कोर्टात माझा अर्ज परत आला तो फक्त निकालाची तारीख लिहिली नव्हती म्हणून. त्या तारखेशिवाय बस्ता (फायलींचं गाठोडं) कोणत्या मांडणीवर आहे हे त्यांना कळत नव्हतं.

फाईलमध्ये काय शोधायचं? मूळ मृत्युपत्र. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्राची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत आणि तिच्यासोबतचा हुकूम. मूळ मृत्युपत्र कोर्टाच्या दप्तरातच राहतं. सहीवर वाद असेल तर ती सही तिथं आहे. मग मालमत्तेची यादी आणि देण्यांची यादी. एक्झिक्युटरनं 6 महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब दाखल करायचा, असं उत्तराधिकार कायद्याचं कलम 317 सांगतं. कित्येक फायलींत तो नसतो, पण असला तर कुठली खोली कोणाला गेली हे त्यात स्वच्छ दिसतं. 15 ऑक्टोबर 1953 पासून 15 मार्च 1985 पर्यंत मृत्युकर होता, त्यामुळे त्या काळातल्या मृत्यूंच्या फायलींत करासाठी केलेली मालमत्तेची मोजदादही मिळते. आणि ती बारकाईनं केलेली असते, अगदी दागिन्यांच्या वजनासकट.

कोर्टात काहीच सापडलं नाही तर दुय्यम निबंधकाचं कार्यालय. नोंदणीकृत मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक 3 मध्ये असतात. करणारा जिवंत असताना नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते. मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही. मृत्यूचा दाखला जोडायचा. या पुस्तकातला शोध तिथला अधिकारीच घेतो, आपल्याला पानं चाळायला मिळत नाहीत, म्हणून वर्षांचा टप्पा नेमका द्यावा. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवलेलं मृत्युपत्र पुस्तक 5 मध्ये असतं, ते वेगळं विचारावं लागतं.

पालकत्वाच्या फायलींचं पाऊल जरा वेगळं पडतं. सातबारावर मुलाच्या नावापुढं ‘अ.पा.क.’ आणि आईचं नाव दिसलं की लोक समजतात कोर्टानं पालक नेमला होता. तसं नसतं. अज्ञान पालनकर्ता ही महसुली नोंद; तिच्यामागं कोर्टाचा हुकूम असेलच असं नाही. कोर्टाचा हुकूम असेल तर तो 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली, मूल जिथं राहत होतं किंवा मिळकत जिथं होती तिथल्या जिल्हा न्यायालयात. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्यासाठी पालक नेमत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

खरी गरज पडते ती जमीन विकली गेली असेल तेव्हा. आई-वडिलांना 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार अज्ञान मुलाची स्वतंत्र मिळकत विकण्याआधी कोर्टाची परवानगी लागते. ती घेतली नसेल तर मुलाला सज्ञान झाल्यापासून 3 वर्षांत व्यवहार रद्द करून मागता येतो. त्यामुळे जुनं खरेदीखत पाहताना परवानगीच्या हुकमाचा नंबर त्याच्या मजकुरात शोधावा आणि त्या हुकमाची नक्कल काढून अटी वाचाव्यात: किंमत कमीत कमी किती, पैसे कुठल्या ठेवीत ठेवायचे. वय मोजताना आणखी एक खबरदारी. कोर्टानं पालक नेमलेल्या मुलाची सज्ञानता 1999 च्या दुरुस्तीपर्यंत 21 व्या वर्षी होती, 18 व्या नव्हे. जुन्या व्यवहारात या 3 वर्षांनी मुदतीचं सगळं गणित फिरतं.

गोव्यातलं घर असेल तर प्रोबेट शोधूच नये. तिथं पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेली इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची, प्रक्रिया आहे, 2012 च्या कायद्यानं ती पुढं चालू ठेवली. दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी आणि नोटरीच्या वहीत वारसनिश्चितीचा दस्त किंवा मृत्युपत्र, असं दोन्हीकडे पाहायचं. जुनी प्रकरणं पोर्तुगीजमध्ये असतात.

नक्कल हाती पडली की काउंटर सोडण्याआधी ती तिथंच उलटून बघा. पानांचे क्रमांक सलग आहेत का, प्रत्येक पानावर शिक्का आहे का, शेवटच्या पानावर अर्जाची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख व सही आहे का, आणि मृत्युपत्राच्या पाठीमागचा मजकूर घेतला आहे का. साक्षीदारांच्या सह्या कित्येकदा त्या मागच्याच बाजूला असतात.