पेशी एक लाख, माणसं 12

तुम्ही विचारलंत म्हणून. गोव्यातल्या बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले तरुण डॉक्टर असोत की सांकवाळच्या बिट्स या तंत्रशिक्षण संस्थेतले संशोधक, प्रश्न तोच येतो: दारू मेंदूच्या पेशींना काय करते हे दोन-तीन संस्थांनी मिळून तपासायचं, तर अनुदानाच्या अर्जात पैसे कशासाठी मागायचे?

दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे संकेत वाढवते, त्याला उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचे दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू याच्या उलट जुळवून घेतो, म्हणून दारू अचानक सोडली की हात थरथरतात, झटके येतात. हा बदल प्रत्येक प्रकारच्या पेशीत वेगळा असतो. म्हणून मृत्यूनंतर दान झालेल्या मेंदूचा तुकडा उणे 80 अंशांवर गोठवून ठेवतात. गोठलेली पेशी वितळताना फुटते, तेव्हा तिचं केंद्रकच सुटं करून त्यातला आरएनए, म्हणजे कोणती जनुकं चालू आहेत हे सांगणारा रेणू, वाचतात.

पहिला घात इथेच होतो. 12 जणांची एक लाख केंद्रकं वाचली की लाखभर पुरावे हाती आल्यासारखं वाटतं. पण एकाच मेंदूतल्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. संख्याशास्त्र तुम्हाला 12च मोजून देतं. त्यापेक्षा 40 जणांची प्रत्येकी अडीच हजार वाचा. वाचनाचा खर्च साधारण तेवढाच राहतो, नमुने तयार करण्याचा वाढतो. तो मागा.

दुसरा घात वाटणीत. पिणाऱ्यांचे नमुने एका संस्थेने केले आणि न पिणाऱ्यांचे दुसरीने, तर दिसलेला फरक दारूचा की हाताळणीचा, हे नंतर कुठलंही गणित सांगणार नाही. एकत्र तयार होणाऱ्या नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत दोन्ही गट निम्मे-निम्मे हवेत. खूप पिणारे बऱ्याचदा सिगारेटही ओढतात. दुसऱ्या गटातही तेवढेच ओढणारे नसले, तर निकोटीनचा परिणाम दारूच्या नावावर चढतो. कोण किती ओढायचं, हे मृताच्या नातेवाइकांना हळुवारपणे विचारायला समुपदेशक लागतो. त्याचा पगार अर्जात लिहाच. ज्यांच्या घरात मृत्यू झालाय, त्यांच्याशी घाईत बोलू नये.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मानसिक आरोग्याच्या संस्थेत 1995पासून मेंदूपेढी, म्हणजे दान झालेले मेंदू जपून ठेवणारी सोय, आहे. तिथून नमुना यायचा, तर तो गोठलेला ठेवणारा ड्राय आइस, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, चांगल्या खोक्यातूनही दिवसाला अडीच ते चार किलो उडून जातो. प्रवास एका रात्रीचा असला तरी बर्फ दोन दिवसांचा भरा. इथे पावसात वीज जाते. जनरेटर आणि फोनवर वाजणारा अलार्म डीप फ्रीझरच्या किमतीतच धरा.

आणि विदा (डेटा) तपासणारा माणूस शेवटच्या वर्षी नव्हे, पहिल्या महिन्यात नेमा. पहिल्या खेपेतले चार नमुने त्याने पाहिल्याशिवाय पाचवा फ्रीझरमधून काढू नका.