डबल क्लच: जुन्या गाडीत गिअर उतरवताना

सिंक्रोमेश, म्हणजे गिअर बदलताना दातांचे वेग आपोआप जुळवणारी यंत्रणा, आला १९२८ मध्ये, कॅडिलॅकमध्ये. त्याआधीच्या गाड्यांत, आणि नंतरच्याही बऱ्याच गाड्यांच्या पहिल्या गिअरला, वेग जुळवायचं काम पायांनाच करावं लागतं.

तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच पूर्ण सोडा, थोडी रेस द्या, पुन्हा क्लच दाबून दांडा अलगद दुसऱ्यात सरकवा. मधे क्लच सोडायला लोक हमखास विसरतात. तो सोडला नाही तर इंजिनाची रेस गिअरबॉक्सच्या शाफ्टपर्यंत पोहोचतच नाही, मग दिलेली रेस वाया. खर्र आवाज आला तर रेटू नका, दातांचे कोपरे उडतात; न्यूट्रलपासून पुन्हा सुरू करा. वरच्या गिअरमध्ये जाताना रेस नको, न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा. तेल थंड आणि घट्ट असेल तर शाफ्ट लवकर मंदावतो, तेव्हा थांबणंही कमी.

उताराला लागण्याआधीच गिअर खाली आणा. ड्रम ब्रेक तापले की पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

आणि हो, काही जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असतो. निघण्यापूर्वी पायांना ते सांगून ठेवा!