आधी चेंडू, की आधी हात?

रविवारच्या मॅचला चार दिवस झाले, तरी तो एक पॉइंट डोक्यातून जात नाही.

मी टेबल टेनिसची पंच. नागपुरात मे महिन्यात हे काम म्हणजे कूलर बंद करून घामात बसणं. चेंडू 2.7 ग्रॅमचा, झोत लागला की वाट सोडतो. मुलींच्या व्हीलचेअर गटात नावं मोजकीच, म्हणून क्लास 3 आणि 4 (आकडा जितका लहान, तितकं अपंगत्व जास्त) एकत्र केलेले. असं मोठ्या स्पर्धांतही होतं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत क्लास 3 ते 5 एकत्रच खेळले; भाविना पटेलला सुवर्ण मिळालं, सोनलबेन पटेलला कांस्य. पण फरक टेबलाशी दिसतो. क्लास 4 ची मुलगी नेटजवळच्या चेंडूसाठी वाकली तरी थोडीफार सावरते. क्लास 3 मध्ये धडात ती ताकद नसते. बॅट नसलेला, मोकळा हात टेकला नाही, तर ती तशीच टेबलावर कोसळेल.

नियम हे जाणतो. उभ्यानं खेळताना मोकळा हात टेबलाच्या पृष्ठभागाला लागला की पॉइंट गेला. व्हीलचेअरवर मात्र फटका मारून झाल्यावर तोल सावरायला हात टेकता येतो, फक्त टेबल हलता कामा नये. फटक्याआधी टेकला तर पॉइंट समोरचीचा. हा नियम लिहिणाऱ्यानं माणसं नीट पाहिली होती.

पाचवा गेम. पाच पॉइंट झाल्यावर बाजू बदलल्या आणि उमरेडची मुलगी माझ्या डाव्या अंगाला आली. ती उजव्या हातानं खेळते, म्हणजे डावा हात पलीकडे. समोरची 10-9 नं पुढे. आखूड चेंडू आला, ही झेपावली. टक् आणि थाप. मला थाप आधी ऐकू आली. हात दिसलाच नाही, खांद्याआड होता. मी पॉइंट समोरचीला दिला. मॅच संपली.

"मॅडम, हात नंतर टेकला जी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

घडलं काय, याबद्दल पंचाचा शब्द शेवटचा. रेफरीकडे, म्हणजे स्पर्धेच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, नियमाच्या अर्थापुरतंच जाता येतं. म्हणूनच जे दिसलं नाही ते पुकारायचं नसतं. नव्या पंचांना मीच हे शिकवते.

पलीकडच्या बाजूला सहायक पंच असता तर त्याला हात स्वच्छ दिसला असता. सकाळीच मागितला होता. "व्हीलचेअरच्या मॅचला दोन-दोन पंच कशाला?" आयोजकांतले एकजण म्हणाले. शेजारच्या टेबलावर मुलांच्या पहिल्या फेरीला दोघं बसले होते. या मुलींच्या खुर्चीवरच्या उशीची उंची मी पट्टी लावून मोजते, 15 सेंटीमीटरच्या वर एक रेघ जाऊ देत नाही. त्यांच्याकडून एवढी शिस्त मागायची आणि बघायला माणूस द्यायचा नाही, याचा मला अजून राग आहे. पण पुकारलं मी. त्यांनी नाही.

जाताना तिनं खुर्ची माझ्याजवळ आणली. "मॅडम, पुढच्या वेळी हात कुठं टेकवू, म्हणजे तुम्हाला दिसन?"

मला उत्तर सुचलं नाही.

काल रात्री लेकीला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. बॅटवर चेंडू आणि टेबलावर तळवा, कधी हे आधी, कधी ते. मी पाठ करून नुसतं ऐकत होते. दहा वेळा केलं. चारदा चुकले.