साइट नसलेलं धनुष्य आणि माझा अँकर

साइट म्हणजे नेम धरण्याची खूण. ती नसलेल्या धनुष्याला मागची साइट असते ती आपल्या चेहऱ्यावर: ओढणारा हात दर वेळी ज्या एकाच जागी टेकतो ती जागा, म्हणजे अँकर. बाणाचं टोक समोर दिसतं, पण नॉक, म्हणजे बाणाची दोरीत अडकणारी मागची खाच, डोळ्याच्या नेमकी किती खाली आहे हे दिसत नाही, ते फक्त जाणवतं. ही जाणीव पक्की व्हायला मला बराच काळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे बाण डावी-उजवीकडे फारसे पसरत नव्हते, वर-खाली पसरायचे. दोन शेजारी शेजारी लागले की तिसरा वीतभर खाली. यामागचं गणित मी एकदा मांडून पाहिलं. नॉकपासून टोकापर्यंत 70 सेंटीमीटर धरले आणि टोक त्याच जागी रोखलेलं असताना नॉक फक्त 5 मिलिमीटर वर गेली, तर 20 मीटरवर बाण सुमारे 14 सेंटीमीटर खाली लागतो. नॉक खाली उतरली तर तेवढाच वर. माझा पसारा साधारण एवढाच होता. त्यानंतर दोरी, मूठ, रिलीज (दोरी सोडणं) हे सगळं बाजूला ठेवून मी एकट्या अँकरवर काम सुरू केलं.

तर्जनी ओठांच्या कोपऱ्यात, असा माझा अँकर होता. अडचण अशी की ओठांचा कोपरा मऊ असतो. दात आवळले की तो एका जागी, जबडा सैल सोडला की दुसऱ्या जागी, आणि बोट जोरात टेकलं तर बोटाबरोबर मागे ओढला जातो. बोट दर वेळी ‘कोपऱ्यातच’ असायचं, पण कोपराच हलत होता. मग मी बोट ओठाच्या आडून वरच्या सुळ्यावर टेकवू लागले. दात हलत नाही. मागच्या दाढा एकमेकींवर हलक्या टेकवून ठेवायच्या, आवळायच्या नाहीत, हेही तेव्हाच ठरलं.

पण एका जागेनं भागत नाही. बोट सुळ्यावर असूनही मान तिरकी झाली तर डोळा आणि बाण यांचं नातं बिघडतं. त्यासाठी दुसरी खूण हवी. अंगठ्याचं हाड जबड्याच्या कोनामागे अडकवून पाहिलं. काहींना ते छान जमतं, माझा तळहात लहान असल्यामुळे अंगठा तिथवर ताणावा लागे आणि मनगट वाकायचं. मग बाणाच्या मागचं पीस वापरलं. बाहेरच्या बाजूचं वेगळ्या रंगाचं पीस पूर्ण ओढल्यावर नाकाच्या शेंड्याला लागतं. मान जरा मागे गेली तरी स्पर्श नाहीसा होतो, पुढे आली तर पीस नाकावर दाबलं जातं. सुळा आणि पीस, दोन्ही लागल्याशिवाय सोडायचं नाही. क्यूदो या जपानी तिरंदाजीत हात कानाच्याही मागे जातो, तरी बाण ओठांच्या पातळीवर गालाला टेकतो आणि दोरी छातीला. पद्धत अगदी निराळी, पण तिथेही स्पर्श दोन आहेत, हे कळल्यावर मला खूप बरं वाटलं होतं.

आता सगळ्यात कठीण भाग. जागा ठरली तरी हात तिथे पोचेना, किंवा पोचून टिकेना. बाजूला उभं राहून पाहणाऱ्या मैत्रिणीनं सांगितलं की सोडण्याच्या आधी बाणाचं टोक पुढे सरकतं. बोटाला ते कळत नाही, कारण गालाची कातडीही त्याच्याबरोबर पुढे येते. रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला) 28 इंचांच्या ओढीच्या आसपास एकेका इंचाला ओढण्याचं वजन दोन-तीन पाउंडांनी वाढतं, म्हणजे अर्धा इंच निसटला तरी बाणाचा वेग घटतो आणि तो खाली जातो. माझे लिंब्स, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन्ही भाग, 40 पाउंडांचे होते. सरांनी स्पष्ट सांगितलं, ‘‘एवढ्या वजनाखाली तुझी पाठ काम करत नाहीये, दंड करतोय.’’ टेकडाउन, म्हणजे सुटे भाग होणारं, धनुष्य असल्यानं मूठ तीच ठेवून 25 पाउंडांचे लिंब्स बसवता आले. अँकर शोधणाऱ्या कुणालाही मी पहिला सल्ला हाच देईन. चेहऱ्यावर जागा शोधण्याआधी वजन उतरवा.

हलक्या लिंब्सवर मी चार पावलांवर उभी राहून, कागद न लावलेल्या बटावर (बाण अडवणाऱ्या गादीवर) डोळे मिटून बाण सोडत असे. निशाणा नसला की मन स्पर्शाकडे जातं. डोकं आधी स्थिर करायचं, दोरी चेहऱ्याकडे आणायची, चेहरा दोरीकडे न्यायचा नाही. कोपर बाणाच्या रेषेत मागे फिरला आणि खांद्याची पाती मणक्याकडे सरकली की बोट आपोआप सुळ्यावर येतं. ते आणावं लागत असेल, तर ओढणं अजून पुरं झालेलं नाही. हे पहिल्यांदा पाठीत जाणवलं तो दिवस माझ्या नेमबाजीतला सगळ्यात आनंदाचा दिवस होता. त्या दिवशी एकही बाण निशाण्यावर मारला नव्हता.

तीन बोटं नॉकखाली धरूनही पाहिलं. बाण डोळ्याच्या जवळ येतो, जवळच्या अंतरावर नेम सोपा होतो. पण ज्या अंतरावर टोक थेट निशाण्यावर ठेवता येतं ते अंतरही कमी होतं आणि मला लांबवर मारायला आवडतं. म्हणून एक बोट वर, दोन खाली, हीच पकड ठेवली. फक्त सुळ्यावर आता तर्जनीऐवजी मधलं बोट असतं, त्यामुळे नॉक थोडी वर बसते.

वजन हळूहळू वाढवत 35 पाउंडांवर आले तेव्हा वर-खालीचा पसारा बराच आटोक्यात आला होता, पण सगळा गठ्ठा उजवीकडे लागू लागला. मी उजव्या हातानं ओढते. पाठ कामाला लागल्यानं माझी ओढ जवळजवळ एक इंचानं वाढली होती आणि जास्त ओढीला तोच बाण जास्त वाकतो, म्हणजे मऊ ठरतो. 125 ग्रेनची टोकं काढून 100 ग्रेनची, म्हणजे हलकी, लावल्यावर बाण कडक झाला आणि गठ्ठा बऱ्यापैकी मध्यावर आला. नवे बाण घ्यायचे असतील तर अँकर बसेपर्यंत थांबावं, आणि शाफ्ट (बाणाच्या काड्या) लगेच कापू नयेत. माझे पुढचे शाफ्ट मी अजून पूर्ण लांबीचेच ठेवले आहेत.