कमी कॅलरीचा ब्रेड: आधी स्लाइस वजनकाट्यावर ठेवा

परवा फोनवर धाकट्या बहिणीने विचारलं, "ताई, तुमच्याकडे तो कमी कॅलरीचा ब्रेड मिळतो ना, त्याने खरंच फरक पडतो का गं?" अमेरिकेत आल्यापासून मी तो बराच काळ खाल्लाय, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि घरात होती ती साध्या आणि कमी कॅलरीच्या ब्रेडची दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली.

साध्या ब्रेडचे दोन स्लाइस ५२ ग्रॅम, लेबलवर १४० कॅलरी. दुसऱ्याचे दोन स्लाइस ४६ ग्रॅम, ९० कॅलरी. म्हणजे दोन स्लाइसमागे ५० कॅलरी वाचल्या. पण स्लाइसच हलका आहे, हे वजन केल्याशिवाय मला कधी जाणवलं नव्हतं. १०० ग्रॅमचा हिशोब केला तर साधा सुमारे २७०, दुसरा सुमारे १९५. वाचलेल्या ५० पैकी साधारण १६ कॅलरी निव्वळ वजन कमी असल्यामुळे वाचतात, उरलेल्या ब्रेडच्या घटकांमुळे.

हा घटकांमुळे पडणारा फरक खरा आहे. काही मैदा कमी करून त्या जागी ओट फायबर, सेल्युलोज किंवा सहज न पचणारा स्टार्च घालतात. पचणाऱ्या स्टार्चच्या एका ग्रॅमला ४ कॅलरी, तर फायबरला त्याहून बऱ्याच कमी. मैदा कमी झाला की ब्रेड धरून राहत नाही, म्हणून वरून ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, घालतात.

इथल्या नियमानुसार पाकिटावर 'रिड्यूस्ड कॅलरी' लिहायचं असेल तर तेवढ्याच वजनाच्या नेहमीच्या ब्रेडपेक्षा किमान २५ टक्के कॅलरी कमी असाव्या लागतात. नुसता पातळ कापून तो शब्द छापता येत नाही. 'थिन स्लाइस्ड' ब्रेडचं मात्र तसं नाही. तिथे ब्रेड तोच, फक्त काप बारीक, तरी एका स्लाइसचा आकडा लहान दिसतो.

ही युक्ती जुनी आहे. १९७१ साली फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 'प्रोफाइल' नावाच्या ब्रेडच्या कंपनीला वर्षभर जाहिरातीच्या खर्चाचा चौथा हिस्सा चूक दुरुस्त करणाऱ्या जाहिरातींवर घालायला लावला होता. त्या ब्रेडच्या स्लाइसमध्ये सात कॅलरी कमी होत्या, आणि त्यासुद्धा स्लाइस पातळ कापल्यामुळे! मला तो निर्णय आजही फार योग्य वाटतो. ब्रेड घेणारा माणूस विश्वासाने घेतो, त्याच्याशी असं वागू नये.

मग घ्यावा का? रोज मोजून दोनच स्लाइस खाणार असाल, बाकीचं खाणं तेच ठेवणार असाल आणि चव आवडत असेल, तर जरूर घ्या. पण चमचाभर लोणी म्हणजे सुमारे ३५ कॅलरी. ब्रेड हलका आहे म्हणून हात थोडा सैल सुटला, तर वाचलेलं तिथेच संपतं. माझं नेमकं तेच व्हायचं. तो स्लाइस इतका हलका आणि पोकळ लागायचा की दोनावर मन भरायचं नाही, तिसरा घेतला जायचा. तीन स्लाइसच्या १३५ कॅलरी, म्हणजे जवळजवळ साध्या दोन स्लाइसइतक्याच.

फायबर एकदम वाढलं की काहींचं पोट फुगतं, विशेषतः ब्रेडमध्ये इन्युलिन नावाचं फायबर असेल तर. म्हणून सुरुवात एका स्लाइसने करावी, पाणी पुरेसं प्यावं.

बहिणीला मी सांगितलं, दर्शनी बाजूचा आकडा सोड, पाकीट उलटं कर. लेबलवर ग्रॅम किती आणि तो हिशोब एका स्लाइसचा आहे की दोनचा, हे आधी बघ. मी स्वतः आता अख्ख्या गव्हाचा, घटकांच्या यादीत पहिलंच नाव संपूर्ण गव्हाच्या पिठाचं असलेला ब्रेड आणते. स्लाइस जाड असतो, चावायला वेळ लागतो, आणि सकाळी एकच पुरतो.